हरकत प्रार्थनेला नव्हती, निमंत्रणाला होती

नागरिकशास्त्राच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : "सर, मंत्र्यांनी जाहीरपणे प्रार्थना केली तर काय बिघडलं? तेही माणूसच ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना इथलं उदाहरण घेतलं, की मुलं आधी बाजू घेतात आणि मग विचार करतात. म्हणून आम्ही त्यांना ह्यूस्टनला नेतो.

ह्यूस्टन हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं सर्वांत मोठं शहर. २०१० च्या जनगणनेत वस्ती जवळपास २१ लाख. हिस्पॅनिक, काळे, गोरे, आशियाई असे सगळे, पण एकही गट निम्म्याच्या वर नाही. चर्च पुष्कळ, तशा मशिदी, मंदिरं आणि यहुद्यांची सिनेगॉगही. आपल्याकडून नोकरीला गेलेली कुटुंबंही तिथे आहेत.

या शहरात ६ ऑगस्ट २०११ रोजी रिलायंट स्टेडियमवर 'द रिस्पॉन्स' नावाचा प्रार्थना मेळावा झाला. बोलावणारे होते राज्याचे गव्हर्नर रिक पेरी. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो, लोक त्याला निवडून देतात, म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समजा.) उपवास आणि प्रार्थना करा, येशूला हाक मारा, असं आवाहन होतं. सुमारे ३० हजार लोक आले. योगायोग असा, की तेव्हा रमजान चालू होता. शहरातले मुसलमान रोजेच ठेवत होते, पण मंचावर त्यांच्या दुआला जागा नव्हती.

आयोजकांचं म्हणणं, दार सगळ्यांना उघडं आहे. ते खरंही होतं. आत जायला कुणालाच मनाई नव्हती. पण येऊन ऐकायचं एकाच धर्माचं. पाहुणा म्हणून बोलावणं वेगळं आणि घरचा मानणं वेगळं, हे आपल्याला कुणी समजावायला नको.

शिवाय खर्च उचलणारी मुख्य संस्था होती अमेरिकन फॅमिली असोसिएशन. तिचे एक पदाधिकारी ब्रायन फिशर यांनी आदल्याच वर्षी, अमेरिकेत यापुढे एकही नवी मशीद नको, असं लिहिलं होतं. गंमत म्हणा की दुःख म्हणा, याच पेरींचे इस्माइली समाजाशी चांगले संबंध होते, आणि टेक्सासच्या शिक्षकांना मुस्लिम इतिहास-संस्कृती शिकवणारा एक उपक्रमही त्या राज्यात चालला होता. म्हणजे माणूस मुसलमानांचा वैरी होता, असं म्हणून हात झटकता येत नाही.

विरोध कुणी केला? नास्तिकांनी केलाच, ते कोर्टात गेले. ज्यांना नको त्यांनी जाऊ नये, त्यांचं प्रत्यक्ष नुकसान काय, असं म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला. गव्हर्नरचं वागणं योग्य की अयोग्य, यावर निकाल झालाच नाही. आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते शहरातल्या धार्मिक नेत्यांचं जाहीर पत्र. सह्या करणाऱ्यांत ख्रिस्ती पाद्रीही होते. स्वतःच्याच धर्माच्या मेळाव्याला त्यांनी हरकत घेतली! पेरी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकतात, यावर कुणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो हुद्द्यावर. गव्हर्नरची खुर्ची सगळ्यांच्या मतांची आणि करांची. त्या खुर्चीवरून एकाच धर्माचं बोलावणं गेलं, की बाकीचे न सांगता दुय्यम ठरतात.

आपल्या घटनेतही कलम २५ प्रत्येकाला, म्हणजे मंत्र्यालाही, श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, आणि कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारावर खर्च होणारा कर कुणावर लादता येणार नाही.

इथे एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, "मग नेत्यांच्या इफ्तार पार्ट्या?" विचारायलाच हवं. शेजाऱ्यांना खजूर देणं आणि सरकारी पैशातून, हुद्द्याच्या नावाने दावत देणं यात फरक आहे. दुसरी आपल्याला गोड लागते म्हणून ती हलाल होत नाही. हे बोललो, की स्टाफरूममध्ये आपलीच माणसं नाराज होतात.

मेळाव्यानंतर आठवड्याभराने, १३ ऑगस्टला, पेरींनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली. हे ऐकल्यावर वर्गात कुणीतरी हसतंच.