जावाची तोंडओळख : भांडे लहान, आकडा मोठा

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधल्या कुरू येथील तळावरून युरोपचा ‘आरियान ५’ हा नवा अग्निबाण आकाशात झेपावला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करण्यासाठी तयार केलेले ‘क्लस्टर’ मालिकेतील चार उपग्रह त्याच्या पोटात होते. जेमतेम चाळीस सेकंदांत अग्निबाण मार्गावरून भरकटला आणि आकाशातच त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. चौकशीत जे कारण पुढे आले ते इंधनाचे नव्हते, यंत्राचेही नव्हते. आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या ६४ बिटांच्या दशांश स्वरूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. १६ बिटांच्या पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही आणि नेमका तेवढ्यातच मोठा आकडा आला. आज्ञावलीचा तो भाग ‘आरियान ४’साठी लिहिलेला होता. त्या अग्निबाणाचा वेग मर्यादित असल्यामुळे तेथे आकडा मावत असे. नव्या अग्निबाणाने ती मर्यादा ओलांडली.

ती आज्ञावली ‘एडा’ या भाषेत लिहिलेली होती. मात्र, तिने शिकवलेला धडा कोणत्याही संगणकीय भाषेच्या विद्यार्थ्याला लागू पडतो. प्रोग्रॅमिंग शिकू लागलेला विद्यार्थी ‘डेटा टाइप’ हे प्रकरण बहुधा पाठांतराचा विषय समजतो. तक्ता पाठ करायचा, परीक्षेत लिहायचा आणि पुढे जायचे. प्रत्यक्षात डेटा टाइपची निवड हा प्रत्येक आज्ञावलीतील पहिला आणि पुष्कळदा सर्वांत महागडा निर्णय असतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या भाषांपैकी एक असलेल्या जावाच्या आधारे तो समजून घेणे सोपे जाते.

जावाचा जन्म आणि पहिले पाऊल

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीत १९९१ मध्ये जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी एका नव्या भाषेवर काम सुरू केले. तिचे पहिले नाव ‘ओक’ होते. १९९५ मध्ये ती ‘जावा’ या नावाने जगापुढे आली. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली, तेव्हापासून जावाची सूत्रे ओरॅकलकडे आहेत.

जावाचे वैशिष्ट्य तिच्या रचनेत आहे. प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर ‘कंपायलर’ तपासतो आणि त्याचे ‘बाइटकोड’ नावाच्या मधल्या स्वरूपात रूपांतर करतो. हा बाइटकोड ‘जावा व्हर्च्युअल मशिन’ ही यंत्रणा चालवते. ही यंत्रणा ज्या संगणकावर आहे, त्या प्रत्येक संगणकावर तोच बाइटकोड चालतो. मग ती प्रणाली विंडोज असो वा लिनक्स. याच कारणासाठी जावाने आपल्या मूळ डेटा टाइपची मापे पक्की ठरवून टाकली. सी भाषेत ‘इंट’चे माप यंत्रानुसार बदलू शकते, जावात ते सर्वत्र ३२ बिटांचेच असते.

सुरुवात करण्यासाठी ‘जावा डेव्हलपमेंट किट’ हा संच संगणकावर बसवावा लागतो. तो ‘ओपन जेडीके’च्या रूपाने विनामूल्य मिळतो. २०१७ मध्ये आलेल्या जावाच्या नवव्या आवृत्तीपासून या संचात ‘जेशेल’ नावाचे साधन असते. त्यात एकेक ओळ टंकावी आणि उत्तर लगेच पाहावे. संपूर्ण प्रोग्रॅम लिहिण्याआधी आकड्यांचे वागणे पाहायचे असेल, तर नवशिक्याला याहून चांगली पाटी-पेन्सिल नाही. पुढील सर्व उदाहरणे तेथे करून पाहता येतात. जावाचे मुख्य शब्द आणि अंक मात्र रोमन लिपीतच टंकावे लागतात.

आठ भांडी

माहिती साठवण्यासाठी संगणकाच्या स्मृतीत जी जागा नाव देऊन राखून ठेवतात तिला ‘व्हेरिएबल’ म्हणतात. जावात व्हेरिएबलला नाव देतानाच सहसा त्याचा प्रकारही सांगावा लागतो. स्वयंपाकघरात चहाच्या कपात कोणी सांबार वाढत नाही आणि हळकुंड ठेवायला पिंप काढत नाही; तसाच हा विवेक आहे. जावाने अशी आठ मूळ भांडी दिली आहेत.

पूर्णांकांसाठी चार प्रकार आहेत. ‘बाइट’ ८ बिटांचा असून त्यात उणे १२८ ते १२७ एवढ्याच संख्या मावतात. १६ बिटांच्या ‘शॉर्ट’मध्ये उणे ३२,७६८ ते ३२,७६७ आणि ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये कमाल २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतची संख्या राहते. ‘लाँग’ ६४ बिटांचा असतो आणि त्याची मर्यादा एकोणीस अंकी आहे. अपूर्णांकांसाठी ३२ बिटांचा ‘फ्लोट’ आणि ६४ बिटांचा ‘डबल’ आहे. एका अक्षरचिन्हासाठी १६ बिटांचा ‘कॅर’, तर होय-नाही एवढेच सांगण्यासाठी ‘बूलियन’ आहे.

भारताची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२१ कोटी होती. ती इंटमध्ये आरामात बसते. जगाच्या लोकसंख्येने २०२२ मध्ये ८०० कोटींचा टप्पा गाठला. ती बसत नाही, तेथे लाँगच हवा. यूट्यूबलाही हा अनुभव आला. ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याची दर्शकसंख्या २०१४ च्या अखेरीस ३२ बिटांच्या मर्यादेला भिडली आणि गणकाचे माप ६४ बिटांपर्यंत वाढवण्यात आले.

न बोलता होणारी चूक

भांडे भरल्यावर काय होते, हा खरा प्रश्न आहे. इंटमध्ये त्याची कमाल संख्या ठेवून तीत १ मिळवला, तर जावा कोणतीही तक्रार करीत नाही. उत्तर येते उणे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८. वाहनाचा अंतरमापक शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर यावा, तशीच ही गत. फरक एवढाच, की येथे आकडा थेट ऋण टोकाला जाऊन पडतो. याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात.

उत्तर ऋण आले तर निदान संशय तरी येतो. त्याहून घातक ते उत्तर, जे दिसायला बरोबर वाटते. एका दिवसात किती मायक्रोसेकंद असतात, हे काढण्यासाठी २४, ६०, ६०, १००० आणि पुन्हा १००० यांचा गुणाकार करावा. खरे उत्तर ८,६४० कोटी. जावा मात्र ५० कोटी ६ लाख ५४ हजार ८० असे उत्तर देते. ते लाँग प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले तरी फरक पडत नाही. कारण गुणाकारातील सर्व आकडे इंट असल्याने गुणाकार इंटमध्येच होतो आणि सांडून गेल्यावर उरलेले तेवढे मोठ्या भांड्यात ओतले जाते. पहिल्याच आकड्यापुढे रोमन ‘एल’ हे अक्षर लिहिले, की सारा गुणाकार लाँगमध्ये होतो आणि उत्तर बरोबर येते.

कंपायलर काही चुका अवश्य पकडतो. इंटमध्ये ७५.५ ही संख्या ठेवू पाहिली, तर तो प्रोग्रॅम पुढे जाऊच देत नाही. मात्र प्रोग्रॅमरने ‘मला माहीत आहे, तरीही कर’ अशी स्पष्ट आज्ञा दिली, तर तो मुकाट्याने ऐकतो. अशा आज्ञेला ‘कास्ट’ म्हणतात. ४०,००० ही डबलमधील संख्या अशा आज्ञेने शॉर्टमध्ये घातली, तर तेथे उणे २५,५३६ दिसू लागते. आरियानच्या संगणकाने निदान आकडा मावत नसल्याचे ओळखले होते. जावात तेही कळत नाही. यावर उपाय म्हणून २०१४ मधील आठव्या आवृत्तीत ‘ॲड एक्झॅक्ट’, ‘मल्टिप्लाय एक्झॅक्ट’ अशा सुविधा देण्यात आल्या. आकडा सांडताच त्या काम थांबवून चूक जाहीर करतात.

पैशांचा हिशेब आणि टक्केवारी

पूर्णांकांच्या भागाकारात जावा अपूर्णांक टाकून देते. सहा विषयांत मिळून ३५९ गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची सरासरी ५९.८३ येते, दोन्ही संख्या इंट असतील, तर जावा ५९ सांगते. भागाकारानंतर उत्तर जवळच्या पूर्णांकात बदलायचे, असा नियम असला तरी तोपर्यंत बदलण्यासारखे काही उरलेलेच नसते. प्रथम वर्गाची रेषा ६० वर असेल, तर एका डेटा टाइपने विद्यार्थ्याचा वर्ग हिरावला जातो.

मग सर्वत्र डबल वापरावा का? पैशांच्या बाबतीत तोही मार्ग धोक्याचा आहे. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ अशी येते. एक तृतीयांश ही संख्या दशमान पद्धतीत जशी नेमकी लिहिता येत नाही, तशी एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. एका व्यवहारात हा फरक नगण्य असतो; लाखो व्यवहारांत तो ताळेबंदाला छळतो. म्हणून रुपयांचा हिशेब पैशांत, लाँगमध्ये ठेवण्याची किंवा ‘बिग डेसिमल’ हा खास प्रकार वापरण्याची पद्धत आहे.

ज्ञानेश्वर किती अक्षरांचा?

मराठी माणसाच्या दृष्टीने ‘कॅर’ हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. जावाने आरंभापासून युनिकोड स्वीकारल्याने देवनागरी मजकूर तिला परका नाही. मात्र युनिकोडमध्ये मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण यांना स्वतंत्र जागा असते. ‘पुणे’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. जावा त्याची लांबी चार सांगते. ‘ज्ञानेश्वर’ हे चार अक्षरी नाव तिच्या लेखी दहा चिन्हांचे असते. एखाद्या अर्जात नावासाठी आठ चिन्हांची मर्यादा ठेवली, तर या नावाचे ‘ज्ञानेश्’ एवढेच उरेल. इंग्रजी नावांवर तपासलेल्या प्रोग्रॅममध्ये हा दोष कधी दिसणारच नाही. शिवाय १६ बिटांचे माप पुढे युनिकोडलाही अपुरे पडले. आज इमोजीसारखी चिन्हे साठवायला जावाला दोन-दोन कॅर लागतात.

स्वतःचे भांडे घडवणे

येथपर्यंतचे आठ प्रकार भाषेने दिलेले. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचे मर्म त्यापुढे आहे : प्रोग्रॅमरला स्वतःचा डेटा टाइप घडवता येतो. त्यालाच ‘क्लास’ म्हणतात. क्लास म्हणजे आराखडा आणि त्यानुसार तयार झालेली प्रत्येक वस्तू म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. ‘बचतखाते’ असा क्लास केला, तर त्यात शिल्लक ही माहिती आणि जमा करणे, काढणे या क्रिया एकत्र राहतात. शिल्लक ‘प्रायव्हेट’ ठेवली, की बाहेरच्या कोणालाही ती परस्पर बदलता येत नाही. पैसे काढण्याच्या क्रियेतच ‘शिल्लक पुरेशी आहे का’ ही तपासणी लिहिली, तर खाते चुकूनही उणे होत नाही. इंटला केवळ माप असते. क्लासला माप आणि नियम दोन्ही देता येतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. मूळ आठ प्रकारांच्या व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्ष मूल्य असते, तर ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलमध्ये त्या वस्तूचा केवळ पत्ता. एका खात्याचे व्हेरिएबल दुसऱ्या व्हेरिएबलला दिले, तर दुसरे खाते उघडत नाही. एकाच घराच्या पत्त्याच्या दोन चिठ्ठ्या तयार होतात. मजकूर साठवणारा ‘स्ट्रिंग’ हाही क्लासच आहे. म्हणून दोन स्ट्रिंगांची तुलना दुहेरी बरोबर चिन्हाने केली, तर मजकूर नव्हे, पत्ते ताडून पाहिले जातात. मजकूर ताडण्यासाठी ‘इक्वल्स’ ही क्रिया वापरावी लागते.

तज्ज्ञांनाही चकवा

या चुका नवशिक्यांच्याच, असा समज होऊ नये. क्रमवार यादी मधोमध विभागत शोध घेण्याची ‘बायनरी सर्च’ ही रीत प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. जावाबरोबर येणाऱ्या तयार आज्ञावलींमध्येही ती होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले, की तीत अनेक वर्षे एक दोष लपून राहिला होता. ती आज्ञावली त्यांनीच लिहिलेली होती. मध्य काढण्यासाठी यादीची दोन टोके मिळवून दोनाने भागले जात होते. यादी शंभर कोटींहून बरीच मोठी झाली, की ती बेरीज इंटमध्ये मावत नसे आणि ऋण होई. दोन टोकांतील अंतर निम्मे करून ते खालच्या टोकात मिळवले, की दोष दूर होतो. पूर्वी एवढ्या मोठ्या याद्याच नसल्यामुळे तो कोणाच्या नजरेस आला नव्हता.

‘आरियान ५’ची कथाही हीच होती. आज्ञावली जुनीच होती. तिच्याभोवतीचे जग मोठे झाले. म्हणून जावाचा श्रीगणेशा करणाऱ्याने प्रत्येक व्हेरिएबलला नाव देताना दोन प्रश्न विचारण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी : येथे येऊ शकणारी सर्वांत मोठी संख्या कोणती आणि ती आणखी दहा वर्षांनी किती असेल? उत्तराबाबत शंका असेल, तर थोडे मोठे भांडे घ्यावे. चार बाइट वाया गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ते कमी पडले तर काय होते, हे कुरूच्या आकाशाने १९९६ मध्ये पाहिले आहे.