वाळू उडत नाही, उड्या मारते

वाळवंटातला वारा वाळू उडवून नेतो असे आपण म्हणतो. उडते ती बहुतेक धूळ. वाळूचा कण त्या मानाने जड. वारा पुरेसा जोरात आला की तो उसळतो, थोडे अंतर पुढे जाऊन आपटतो आणि आपटताना आणखी कणांना उडवतो. कॅरमच्या सोंगट्यांसारखाच हा धक्क्यांचा खेळ. ज्यांना उसळी झेपत नाही असे जाडे कण त्या माऱ्याने नुसते पुढे ढकलले जातात. ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅगनॉल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात फिरून आणि वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून हे मोजले. त्यांचा 1941चा ग्रंथ आजही या विषयाचा पाया आहे. त्यांच्या हिशेबाने साधारण तीन चतुर्थांश वाळू उड्या मारत जाते, उरलेली सरपटत. हा सगळा मारा जमिनीलगतचा. म्हणून वाळवंटातले खांब बुडाजवळच झिजतात.

बर्फाचेही तंत्र हेच, फक्त बर्फ लहरी. ताजा, भुसभुशीत बर्फ हलक्या वाऱ्यानेही निघतो. जुना झाला की कण एकमेकांना चिकटतात आणि वाऱ्याला दाद देत नाहीत.

दोन्हींवर उपाय एकच: वाऱ्याचा वेग मोडणे. थरच्या वाळवंटात जोधपूरच्या ‘काझरी’ या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने टेकड्यांवर झुडपांच्या काटक्यांचे आडवे बांध घालून मग झाडे लावली. बर्फाळ प्रदेशांत रस्त्याकडेला फळ्यांची कुंपणे असतात. त्यांत मुद्दाम निम्म्याच्या आसपास फटी ठेवतात, कारण सलग भिंतीपेक्षा अशा कुंपणामागे जास्त बर्फ साठतो.