संगणकावर फोल्डर ओढून नेताना होणारे घोटाळे व त्यांचा उलगडा

शाळांच्या तपासणीत अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. "कालपर्यंत फोल्डर येथेच होता, आज दिसत नाही, आम्ही तर काहीच पुसले नाही." तक्रार करणारे शिक्षक खरेच बोलत असतात. त्यांनी काही पुसलेले नसते. मूषकाचे, म्हणजे माऊसचे, डावे बटण दाबलेले असताना हात किंचित हलला आणि तो फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेला, एवढेच बहुधा घडलेले असते. दप्तर गहाळ झालेले नसते, ते चुकीच्या कपाटात ठेवले गेलेले असते. परंतु कपाट कोणते हे ठाऊक नसल्याने शाळेपुरते ते गहाळच ठरते.

ह्या विषयाला आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यामुळे येथील कित्येक जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत तीन-चार पिढ्यांच्या जन्मतारखा व जातीच्या नोंदी आहेत. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत कागदाची काय अवस्था होते हे पंचगंगाकाठच्या गावांनी पाहिले. पुढे २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांच्या जुन्या रजिस्टरांची पानेही धुंडाळली गेली. ज्या शाळांनी ही पाने स्कॅन करून संगणकात ठेवली आहेत, त्यांच्या दृष्टीने एका फोल्डरचे जागेवरून सरकणे ही किरकोळ बाब नव्हे. दाखल्यासाठी दारात उभ्या असलेल्या माणसाला 'फोल्डर सापडत नाही' हे उत्तर देता येत नाही.

आता मूळ नियम पाहू. आपल्या बहुतेक शाळांतील संगणक विंडोज प्रणालीवर चालतात. तेथे फाइल किंवा फोल्डर बोटाने धरल्याप्रमाणे ओढून दुसरीकडे सोडला असता दोन निरनिराळे परिणाम संभवतात. उगमस्थान व मुक्कामाची जागा एकाच डिस्कवर असतील, तर वस्तू जुन्या जागेवरून उठते व नव्या जागी जाते. दोन्ही जागा वेगवेगळ्या डिस्कवर असतील, उदाहरणार्थ एक संगणकात व दुसरी पेन ड्राइव्हवर, तर मूळ वस्तू जागेवरच राहते व दुसरीकडे तिची नक्कल तयार होते. हाताची क्रिया तीच, पण फळ वेगळे. सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

हा भेद लहरीने केलेला नाही. विद्यार्थी 'अ' तुकडीतून 'ब' तुकडीत गेला तर आपण काय करतो? एका हजेरीपटातून नाव कमी करतो, दुसऱ्यात लिहितो. मूल त्याच शाळेत असते. परंतु तेच मूल परगावच्या शाळेत गेले तर आपण दाखला लिहून देतो, तिकडे नव्याने नोंद होते, आणि आपल्या जनरल रजिस्टरातील मूळ नोंद तशीच राहते. संगणकाचेही तसेच आहे. एकाच डिस्कवर फोल्डर हलवताना आतील मजकुराला हातही लागत नाही, केवळ 'हा फोल्डर अमुक ठिकाणी आहे' ही नोंद बदलते. म्हणून शेकडो स्कॅन पानांचा फोल्डर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शेजारी जाऊन बसतो आणि शिक्षकाला चाहूलही लागत नाही. दुसऱ्या डिस्कवर नेताना मात्र प्रत्येक पान नव्याने उतरवावे लागते. त्यास वेळ लागतो, पडद्यावर पट्टी सरकताना दिसते, आणि मूळ प्रत सुरक्षित ठेवणे शहाणपणाचे असते.

नियम पाठ करण्यापेक्षा डोळे उघडे ठेवणे अधिक उपयोगाचे. वस्तू ओढीत असताना बाणाजवळ एक लहान पाटी दिसते. तीवर 'मूव्ह टू' किंवा 'कॉपी टू' हे शब्द आणि पुढे मुक्कामाच्या फोल्डरचे नाव असते. बटण सोडण्यापूर्वी ही पाटी वाचावी. नाव भलतेच दिसल्यास बटण न सोडता एस्केप ही कळ दाबावी, म्हणजे ओढणे रद्द होते व वस्तू होती तेथेच राहते. ह्या एका सवयीने निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतील असे माझे मत आहे.

आपली इच्छा प्रणालीवर लादायची असेल तर कळांचे साहाय्य घ्यावे. कंट्रोल दाबून ओढल्यास नेहमी नक्कल होते. शिफ्ट दाबून ओढल्यास नेहमी स्थलांतर होते. आल्ट दाबून ओढल्यास शॉर्टकट, म्हणजे केवळ पत्त्याची चिठ्ठी, तयार होते. ज्यांस ह्या कळा लक्षात राहत नाहीत त्यांनी माऊसचे उजवे बटण दाबून ओढावे. सोडताच नक्कल करावयाची, हलवावयाचे, शॉर्टकट करावयाचा की बेत रद्द करावयाचा असे प्रणाली स्वतःच विचारते. नवख्या शिक्षकास मी हीच रीत सुचवितो. ती थोडी सावकाश आहे, पण विचारून काम करणारी आहे.

शॉर्टकटसंबंधी येथेच सांगितलेले बरे. तालुक्याच्या ठिकाणी माहिती देण्यास पेन ड्राइव्ह घेऊन शिक्षक येतात, आणि उघडून पाहावे तो आत फाइल नसते, तिची चिठ्ठी असते. चित्रावर वाकड्या बाणाची खूण आणि एक-दोन किलोबाइटांचे वजन दिसले की समजावे, मजकूर शाळेतच राहिला आहे. चंदगड किंवा गगनबावड्याच्या टोकाकडून आलेल्या माणसाचा त्यात सबंध दिवस वाया जातो. निघण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरील फाइल एकदा उघडून पाहावी, आणि तीही शक्य तर दुसऱ्या संगणकावर.

फोल्डर दिसेनासा झाला असता प्रथम काही नवे काम करू नये. कंट्रोल व झेड ह्या कळा एकत्र दाबल्यास शेवटची क्रिया उलट होते व फोल्डर बहुधा परत येतो. मात्र हा उपाय ताजेपणीच चालतो. मध्ये संगणक बंद करून पुन्हा सुरू केला असेल तर ही स्मृती नाहीशी होते. आणखी एक सावधगिरी घ्यावी. शेवटची क्रिया नकलेची असेल, तर ती उलट केल्याने नक्कल पुसली जाते. त्या नकलेत दरम्यान गुण भरले असतील तर तेही जातील. म्हणून पडद्यावर प्रश्न आल्यास तो वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

ती वेळ टळून गेली असेल तर शोध घ्यावा. वरच्या फोल्डरात जाऊन उजव्या कोपऱ्यातील शोधपेटीत हरवलेल्या फोल्डरचे नाव टंकावे. नाव आठवत नसेल तर यादी 'डेट मॉडिफाइड' ह्या रकान्याप्रमाणे लावावी. संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर एखाद्या फोल्डरात नवीन वस्तू येऊन पडली की त्या फोल्डरची ही तारीख बदलते. ज्याला कोणी हात लावला नव्हता अशा फोल्डरवर कालची तारीख दिसली, तर हरवलेली वस्तू तेथे असण्याचा संभव मोठा. रीसायकल बिनही पाहावा. पेन ड्राइव्हवरून पुसलेली वस्तू मात्र सहसा तेथे जात नाही, ती थेट जाते, हे ध्यानात असू द्यावे.

सर्वांत घातक प्रकार ह्याहून वेगळा आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आपण दरवर्षी 'पहिली', 'दुसरी', 'तिसरी' अशाच नावांचे फोल्डर करतो. गतवर्षीचा 'तिसरी' फोल्डर चालू वर्षाच्या फोल्डरात चुकून सोडला आणि तेथेही 'तिसरी' असेल, तर नवीन विंडोजमध्ये दोन्ही फोल्डर मुकाट्याने एकमेकांत मिसळतात. विंडोज ७ मध्ये अशा वेळी विचारणा होत असे. विंडोज ८ पासून ती मूळ व्यवस्थेतच बंद ठेवलेली आहे. आतील एखाद्या फाइलचे नावही सारखेच निघाले तरच प्रश्न येतो, आणि तेथे 'रिप्लेस' म्हटले की जुन्या फाइलच्या जागी नवी बसते. दोन वर्षांची मुले एका वर्गात बसविल्यासारखी ही अवस्था होते, आणि त्यांना पुन्हा निवडून वेगळे करणे फार जिकिरीचे असते. ह्यावर उपाय दोन. फोल्डरच्या नावातच वर्ष घालावे, जसे 'तिसरी २०२४-२५'. आणि फोल्डर ऑप्शन्समधील 'व्ह्यू' ह्या भागात 'हाइड फोल्डर मर्ज कॉन्फ्लिक्ट्स' ह्या ओळीपुढील खूण काढून टाकावी, म्हणजे मिसळण्यापूर्वी विचारणा होऊ लागते.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत घोटाळा उलट दिशेने होतो. तेथे वस्तू हरवत नाही, दुणावते. एक प्रत शाळेत, दुसरी खिशात, आणि गुण कधी हिच्यात तर कधी तिच्यात भरले जातात. महिन्याअखेर खरी कोणती हे कोणीच सांगू शकत नाही. शाळेच्या संगणकावरील प्रत हीच मूळ मानावी व घरी केलेले काम दुसऱ्या दिवशी तेथे उतरवून पेन ड्राइव्हवरील प्रत काढून टाकावी. शिफ्ट दाबून पेन ड्राइव्हवर स्थलांतर करणे मला पसंत नाही. आधी नक्कल करावी. मग दोन्ही फोल्डरांवर आळीपाळीने आल्ट व एंटर दाबून आतील फाइलींची संख्या व वजन ताडून पाहावे. दोन्ही जुळल्यावरच मूळ प्रत काढावी.

क्वचित ओढणेच बंद पडते. तेव्हा एकदा एस्केप दाबून पाहावे, तेवढ्यानेही काम होते. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातील 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' म्हणावे. एखाद्या विशिष्ट कार्यक्रमाच्या खिडकीतच फाइल पडत नसेल, तर तो कार्यक्रम 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडला आहे काय ते पाहावे. अधिक अधिकाराच्या खिडकीत सामान्य अधिकाराच्या खिडकीतून वस्तू टाकू न देणे ही सुरक्षेची व्यवस्था आहे, बिघाड नव्हे. उबुंटू असलेल्या शाळांतही एक डिस्क व दोन डिस्क हाच नियम लागू आहे. कंट्रोलने नक्कल व शिफ्टने स्थलांतर हेही तेथे तसेच चालते.

राहता राहिला माऊस. बटण दाबून बाण अवघे चार ठिपके, म्हणजे पिक्सेल, सरकला तरी विंडोज त्यास ओढणे समजते. कापणारा हात, झिजलेले बटण किंवा लॅपटॉपची स्पर्शपट्टी असेल तर एवढे अंतर सहज होते. ही मर्यादा रजिस्ट्रीतील 'ड्रॅगविड्थ' व 'ड्रॅगहाइट' ह्या दोन नोंदींत असते. ती वाढवून वीस केल्यास आणि एकदा साइन आउट करून पुन्हा आत आल्यास हाताच्या कंपाने फोल्डर सरकणे थांबते. हे काम मात्र केंद्रातील जाणकार शिक्षकाकडून करून घ्यावे, कारण रजिस्ट्रीतील भलती नोंद बदलल्यास संगणकच रुसतो. एकदाच टिचकी मारली असता दोनदा मारल्यासारखे होत असेल, तर माऊसचे बटण झिजले आहे असे समजावे व सादिलातून नवा माऊस घ्यावा.