एअर रायफलचा लाकडी दस्ता: इगतपुरीतून मापाचं काम विकता येईल का?

सुतारकामात उतरायचं म्हटलं की समोर रेडिमेड कपाट उभं असतं. कारखान्यात बनलेलं, हप्त्यावर मिळणारं. त्याच्या किमतीशी झुंजत बसलात तर मजुरीही सुटत नाही. म्हणून आज असं लाकडी काम घेतलंय, ज्यात कारखाना तुमच्यापुढे थोडा अडखळतो. एअर रायफलचा दस्ता, म्हणजे रेंजवर ज्याला सगळे 'स्टॉक' म्हणतात तो.

इगतपुरीच का? कारण नाशिक तासाभरावर आहे आणि नाशिकला नेमबाजीची परंपरा आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजी शिकला तो क्रीडा प्रबोधिनीतून, नाशिकला. पदक जिंकलं तेव्हा नोकरी मध्य रेल्वेत, तिकीट तपासनिसाची होती. शेतकऱ्या-नोकरदारांच्या घरातली पोरं आज या खेळात येतायत. त्यांची सुरुवात बहुतेक वेळा क्लबच्या रायफलवर होते, आणि ती रायफल त्यांच्या मापाची नसते.

इथेच तुमचं गिऱ्हाईक आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाच्या मापाची रायफल दिली की ती कंबरेतून मागे वाकते, मान पुढे काढते, गाल नीट टेकत नाही. गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकला, तर डोळा वेगळ्या जागी आणि गोळीही वेगळ्या जागी. परदेशी मॅच रायफलींना सगळीकडून कमी-जास्त करता येणारा स्टॉक असतो, पण त्यांची किंमत लाखांत जाते. साध्या रायफलला जो दस्ता येतो, तो 'सगळ्यांना चालेल' अशा मापाचा. शिंपी आणि रेडिमेडचं दुकान यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. तुम्ही शिंपी व्हायचंय. लाकूड हे फक्त कापड.

माप कसं घ्यायचं? पहिलं माप ट्रिगरपासून बटाच्या टोकापर्यंतच्या लांबीचं. मोठ्या माणसाला ते साधारण साडेतेरा ते चौदा इंच लागतं, मुलांना बरंच कमी. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पेर ट्रिगरवर आरामात यायला हवं. हा झाला ढोबळ अंदाज. दुसरं माप गालाच्या उंचीचं. नेमबाजाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल आरामात टेकू द्या, मग डोळे उघडायला सांगा. साइट समोर दिसली तर ठीक. मान वर-खाली करावी लागली तर तेवढ्या मिलिमीटरचं काम तुमचं. तिसरं, मुठीची जाडी आणि तिथून ट्रिगरपर्यंतचं अंतर. हे सगळं, ज्या पोझिशनमध्ये मूल नेम धरतं त्याच पोझिशनमध्ये मोजा, आणि तारीख घालून वहीत लिहा. मुलं वाढतात, सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं.

आता खरं सांगू? पहिल्याच दिवशी अख्खा दस्ता विकायला जाऊ नका. ज्याची रायफलच बारा-पंधरा हजारांची आहे, तो तेवढेच पैसे दस्त्याला का देईल? सुरुवात गालपट्टीने करा आणि बटामागे लावायच्या लाकडी चकत्यांनी. पाव इंच, अर्धा इंच, एक इंच. दोन स्क्रूंचं काम, पण मुलाला फरक लगेच जाणवतो आणि कोचला तुमचं नाव कळतं. दुसरं काम मनगटात, म्हणजे मुठीच्या मानेत मोडलेल्या दस्त्यांचं. महाराष्ट्रात इंडियन ह्यूम पाइपच्या जुन्या 'आयएचपी' एअर रायफली आजही लोकांच्या घरात आहेत. नळी चांगली, लाकूड गेलेलं. ते काम जमलं की मग पूर्ण दस्ता.

आणि तिथे तुमचा पहिला शत्रू म्हणजे इगतपुरीचा पाऊस. घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं घरात शिरतं, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. लाकूड ही ओल पितं आणि फुगतं, एप्रिलमध्ये ती सोडतं आणि आकसतं. ४५ मिलिमीटर रुंदीच्या फळीत हा फरक एक मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो. दाराला चालेल. दस्त्याच्या खाचेत रायफलची नळी-पेटी बसलेली असते, तिथे एक मिलिमीटर म्हणजे स्क्रू सैल आणि नेम गेला.

म्हणून फळी घेताना डोळ्यांवर विश्वास नको, ओल मोजायचं मीटर घ्या. १० ते १२ टक्के ओल आली की मगच करवत लावा. फळ्या एकावर एक पट्ट्या ठेवून, सावलीत, वारा खेळेल अशा रचा. खाच मारायचं काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका, पावसाळा दुरुस्ती आणि पॉलिशच्या तयारीसाठी ठेवा. खाच बसते का हे बघायला लोखंडावर काजळीचा हात फिरवा आणि दाबून बसवा. लाकडावर जिथे काळं उठेल तेवढंच पटाशीने काढा. घाईत जास्त काढलं की परत भरता येत नाही. स्क्रूच्या भोकात धातूची नळी बसवून इपॉक्सीने पक्की करा, म्हणजे आवळताना लाकूड चेपत नाही. जवसाच्या तेलाचं पॉलिश दिसायला फार सुंदर, पण इथल्या हवेत ते एकटं ओल थांबवत नाही. वरून पीयू कोट द्या, आणि खाचेच्या आतूनसुद्धा द्या. आतली बाजू कोणी बघत नाही म्हणून सोडली, की ओल तिथूनच शिरते.

लाकूड कुठलं? जगभर बंदुकीच्या दस्त्याला अक्रोडाचा मान. आपल्याकडे साग सहज मिळतो आणि कमी फुगतो, फक्त पटाशीची धार लवकर जाते, आणि तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी थिनरने पुसावा लागतो. शिसव देखणं पण जड, आणि परदेशी पाठवायचं तर 'साइट्स' करारामुळे वेगळे कागद लागतात. अधिकृत स्पर्धेत १० मीटर एअर रायफल ५.५ किलोपेक्षा जड चालत नाही, हे वजन कायम डोक्यात ठेवा. सरावाला आंब्याची फळी घ्या. काहीही घ्या, मुठीच्या मानेत लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर दस्ता तिथेच मोडणार.

आता हिशेब. बत्तीस बाय सात बाय सव्वादोन इंचाची फळी म्हणजे साधारण ०.३ घनफूट. समजा वाया जाणाऱ्यासकट लाकूड २,००० रुपये, स्क्रू-नळ्या-बटप्लेट १,२००, पॉलिश ५००, वीज आणि हत्यारांची झीज ८००. तुमचे तीस तास, तासाला २०० प्रमाणे ६,०००. झाले १०,५००. विक्री १४,०००. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले घाला. पण मजुरीची ओळ खोडू नका! 'घरचाच माणूस आहे' म्हणून ती खोडणारेच दोन वर्षांत दुकान बंद करतात.

कायद्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. पण शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, विकणं यावर परवान्याची अट आहे आणि शस्त्रांचे भागही त्या व्याख्येत येतात. तेव्हा 'मी फक्त लाकडी दस्ता बनवतो' असा अर्ज करून काम सुरू करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेतून लेखी उत्तर घ्या. नळी, स्प्रिंग, ट्रिगर यांना हात लावायचा नाही. कोणी 'पॉवर वाढवून दे' म्हणाला तर चहा पाजून रवाना करा. पाखरं मारायला दस्ता हवाय म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे आणि आपल्या आजूबाजूला जंगल आहे. माप घेताना मालक समोर हवा, रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघायचं, आणि नोंदवहीत त्याची सही घ्यायची.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. जीएसटीची ४० लाखांची सूट राज्यातल्या विक्रीपुरती धरा, राज्याबाहेर माल पाठवायचा तर आधी सीएला विचारा. आणि हाताने काम करणारे सुतार असाल तर पीएम विश्वकर्मा योजना बघाच. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारही आहे आणि शस्त्रकारही. हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. लाभ घरटी एकालाच मिळतो, म्हणून नाव कोणाचं लावायचं ते आधी घरात ठरवा. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. जाताना आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्या.