पाच किलोमीटरांचे दशक

आमचे मास्तर गेल्या महिन्यात यवतमाळ सोडून मुलाकडे पुण्यास कायमचे राहावयास गेले, आणि ज्या मैदानावर त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धातील बहुतेक पहाटा खर्ची घातल्या त्याच मैदानाच्या फाटकावर त्यांच्या पाठोपाठ आठच दिवसांनी 'प्रवेश फक्त पासधारकांस' असा फलक लागला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही हे मला कळते. सारी हयात मुलकी खात्याच्या दप्तरात गेल्यामुळे योगायोग आणि कारण यांची गल्लत करण्याची मला सवय नाही. तरीही दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात घडाव्यात याचा सल मनातून जाईना, आणि पहाटे एकत्र धावणाऱ्या ज्या मंडळींचे आता या शहरात नावही उरणार नाही असे दिसते, त्यांचा मागोवा घ्यावा, तोही अंगात त्राण आहे तोवर घ्यावा, असे वाटू लागले.

धावणे वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि १९३६ साली तेथील पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले, हा इतिहास आमच्या शाळेत दर स्नेहसंमेलनास इतक्या निष्ठेने सांगितला जाई की त्यातली स्फूर्ती माझ्या वेळेपर्यंत पार झिजून गेली होती. त्यापेक्षा मला खरी वाटते ती पैनगंगेकाठची ज्योत. नवरात्राच्या तोंडावर उमरखेड-महागावकडच्या गावांतली पोरे माहूरगडावर जात, रेणुकेच्या दारची ज्योत पेटवून घेत, आणि ती हातोहात बदलीत, घाट उतरून, नदी ओलांडून, रात्रभर धावत गावच्या वेशीत आणीत. तीत पहिला नंबर नसे, ज्योत विझू द्यायची नाही एवढाच काय तो नियम. पुढे १९८३ साली पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि २००४ साली मुंबईत, तेव्हा त्या बातम्या आम्ही परदेशातील हवामान वाचावे तशा वाचल्या. मधल्या वर्षांविषयी लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही; ती मी सरळ ओलांडतो.

मी थांबणार आहे ते २००६ ते २०१६ या दशकापाशी. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले, तेव्हापासून आमच्या जिल्ह्याच्या नावाला जे एक विशेषण चिकटले ते सुटलेले नाही. परंतु विसाव्या शतकात जे अपवादाने घडत होते ते एकविसाव्याच्या प्रारंभी नित्याचे झाले. २००६ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले, आणि त्याच सुमारास माझ्या मेजावर शेतकरी-आत्महत्यांनंतरच्या मदतीचे प्रस्ताव येऊ लागले. सातबारा, आठ-अ, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सोसायटीच्या थकबाकीचा दाखला, अशी ती चळत. हे सारे जुळले तर जिल्हा समितीपुढे प्रस्ताव 'पात्र' ठरावयाचा आणि त्या घराला एक लाख रुपये मिळावयाचे, त्यांतले तीस हजार हाती व उरलेले ठेवीत. जमीन मयताच्या नावे नसून त्याच्या बापाच्या नावे असली, किंवा कर्ज बँकेचे नसून सावकाराचे असले, तर बहुधा 'अपात्र'. टिपणी लिहावयाची ती मी. त्या काळात माझ्यावर एक वरिष्ठ होते. त्यांची पेन्सिल 'अपात्र' या शब्दापाशी विशेष सुखाने थबके, आणि मी मैदानावर जाऊ लागल्याचे कळताच 'अव्वल कारकून आता ऑलिंपिकला चालले' असे त्यांनी भर कचेरीत म्हटले होते. ते आता निवृत्तिवेतन घेऊन स्वस्थ आहेत. मीही आहे, पण मी पायऱ्या न थांबता चढतो.

मैदानावर मला धाडले ते रक्तदाबाने. डॉक्टरांनी फिरावयास सांगितले होते. धावण्याचा विचार माझ्या कुळात कोणी केलेला नव्हता. पण पहाटे पाचला तेथे जे दृश्य दिसे त्यात नुसते फिरणाऱ्या माणसास कडेला उभे राहण्याची लाज वाटावी. राळेगाव, घाटंजी, आर्णी, दारव्हा, कोठकोठल्या खेड्यांतून आलेली, शहरात तिघा-चौघांत एक खोली करून राहणारी, पोलीस भरतीची आस धरलेली चाळीसपन्नास पोरे आणि त्यांच्या मागून दुपट्टा कमरेला घट्ट आवळलेल्या दहाबारा मुली अंधारात फेऱ्या मारीत असत. भरतीला तेव्हा मुलांना पाच किलोमीटर धावावे लागे व मुलींना तीन. मैदानाची फेरी चारशे मीटरांची; म्हणजे पाच किलोमीटरांना साडेबारा फेऱ्या. त्या अर्ध्या फेरीमुळे एक गंमत होई. सुटावयाचे ते पलीकडच्या कडुनिंबापाशी, आणि संपावयाचे ते अलीकडे फाटकापाशी, जेथे कुणाची आई गावाहून पहिल्या एसटीने येऊन भिजवलेल्या हरभऱ्याचा डबा घेऊन बसलेली असे.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. हातात एक जुने थांबघड्याळ, गळ्यात शिट्टी, आणि तोंडात अस्सल वऱ्हाडी. कोणी फेरी अर्धवट सोडून कमरेवर हात ठेवलेला दिसला की मैदानभर ऐकू जाई, "काहून थांबला बे? सासऱ्याच्या वावरात आला काय?" पण त्यांचे दोन नियम होते आणि ते कधी मोडले गेले नाहीत. पहिला, शेवटचा गडी येईतो अखेरची शिट्टी वाजावयाची नाही. त्यामुळे जे आधी पोहोचत ते आपोआपच उलट वळून मागच्यांच्या सोबतीला जात, आणि शेवटच्या दोनशे मीटरांत सगळा घोळका एकत्र येई. दुसरा, धावून होईपर्यंत कोणी कोणाच्या घरचे विचारावयाचे नाही. या दुसऱ्या नियमाचे मर्म मला कळावयास काही महिने लागले. त्या पोरांपैकी कित्येकांच्या घरचे कागद माझ्या मेजावरून गेलेले होते. नाव वाचले की गाव आठवे, गाव आठवले की पंचनामा. आणि तोच पोरगा माझ्या खांद्याशी खांदा लावून, "काकाजी, श्वास नाकाने घ्या ना," असे सांगत धावत असे. कचेरीत जे घर मला केवळ पात्र-अपात्र या दोन रकान्यांत मावलेले दिसले, ते येथे घामाने निथळत, थट्टा करीत, माझी नाडी मोजीत होते. एकत्र श्वास जुळला की मनाचा भार हलका होतो, मेंदूत काही द्रव्ये स्रवतात, असे डॉक्टर सांगतात, सांगोत बापडे. मला एवढेच ठाऊक आहे की ज्यांच्याशी बोलावयास मला जड जात होते त्यांच्याबरोबर न बोलता अर्धा तास काढण्याची सोय त्या मैदानाने केली, आणि तो संपल्यावर बोलणे आपसूक सुटे.

एक मुलगी घाटंजीकडची. दिवाळीच्या सुमारास वेचणीचे दिवस आले की ती शनिवार-रविवार गावी जाऊन कापूस वेची, आणि सोमवारी येई तेव्हा बोंडाच्या वाळक्या टोकांनी तिच्या बोटांची नखांकडची बाजू ओरखडलेली असे. बूट नव्हते, रबरी चप्पल मैदानाच्या कडेला ठेवून अनवाणी धावे. मास्तरांनी तिला बूट आणून दिले तर तिने ते चार दिवस घातले आणि परत केले, कारण, म्हणाली, "सर, पाय जमिनीले लागतच नाही न." बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून, नवऱ्याच्या औषधोपचारासाठी अनवाणी धावलेल्या लता करे यांची बातमी आली, तेव्हा तिच्या आईने ते कात्रण हरभऱ्याच्या डब्याच्या झाकणात ठेवले होते. आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये माणदेशची ललिता बाबर तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीला उतरली, १९८४ मधील पी. टी. उषानंतर वैयक्तिक मैदानी शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय स्त्री ठरली, आणि दहावी आली, त्या दिवशी आमच्या मैदानावर पेढे वाटले गेले. दहाव्या क्रमांकाचे पेढे! हे ज्यांना विचित्र वाटेल त्यांना शेवटच्या गड्यासाठी थांबणारी शिट्टी कळणार नाही. ती मुलगी पुढे भरती झाली. बहुतेक झाली नाहीत, हेही लिहून ठेवले पाहिजे. कुणाची उंची १६५ सेंटिमीटरांना अर्ध्या सेंटिमीटरने हुकली, कुणाची छाती पाच सेंटिमीटर फुगेना, कुणाचे वय जाहिरातीची वाट पाहता पाहता उलटले. त्यांतली निम्मी तरी पुढेही धावावयास येत राहिली. कशासाठी, असे मास्तरांनी कधी विचारले नाही.

उतरण २०१४ पासूनच लागली होती. त्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत भर उन्हात पाच किलोमीटर धावताना काही तरुण मृत्युमुखी पडले, आणि आमच्या मैदानावर पहिल्यांदा भीती आली. आया डबे घेऊन येत त्या आता काळजी घेऊन येऊ लागल्या. पुढे अंतर कमी होत होत मुलांना सोळाशे व मुलींना आठशे मीटरांवर आले. निर्णय रास्त होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सोळाशे मीटर म्हणजे चार फेऱ्या, आणि चार फेऱ्यांत माणूस माणसाचा होत नाही. ते धावणे एकट्याचे, दात-ओठ खाऊन काढावयाचे. मग राळेगाव-पांढरकवड्याकडे वाघिणीची दहशत बसली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली जाईपर्यंत त्या टापूतील गावांत झुंजूमुंजू होण्याआधी रस्त्यावर यावयास कोणी धजत नसे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहराचे पाणी आटले, आणि जी पोरे पहाटे धावत ती पहाटे टँकरच्या रांगेत उभी राहू लागली. २०१९ च्या जानेवारीत येथे ब्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्याची नामुष्की ओढवून घेतल्यावर, कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी-विधवेच्या हस्ते त्याचे उद्घाटन पार पडले. त्या बाई फार नेमके बोलल्या. सभामंडप हेलावला, डोळे पुसले गेले. पण शहराला जी गोष्ट त्या तीन दिवसांत प्रथमच उमगल्यासारखी वाटली ती मैदानाला दहा वर्षे ठाऊक होती. नंतर महामारी. २०२१ च्या फेब्रुवारीत निर्बंधांची दुसरी लाट राज्यात अमरावती-यवतमाळातच आधी आली, आणि मैदानाला कुलूप लागले. लष्कराच्या भरतीही दोन वर्षे बंद राहिल्या व जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तोवर आमची अर्धी मंडळी वय उलटून शेतात परतली होती.

कुलूप निघाले तेव्हा मैदानाची मालकी बदलल्यासारखी झाली. एकीकडे भरतीच्या अकादम्या. महिन्याची फी, एकाच रंगाचे टी-शर्ट, रांगेत घोषणा, आणि मागे पडेल त्याला दंडाच्या बैठका. ज्या बापाने कापूस विकून फी भरली त्याच्या पोराला मागे पडण्याची मुभा कोठून असणार? दुसरीकडे रविवारच्या मॅरेथॉनी. आधी झुंबा, मग पाहुण्यांची हिरवी झेंडी, मग तीन किलोमीटर, मग प्रत्येकाच्या गळ्यात पदक. माझा नातू अशा दोन पदकांचा धनी आहे आणि त्याच्या आनंदावर विरजण घालण्याइतका मी कडवट झालेलो नाही. परंतु नोंदणीचे पैसे भरणारे आणि भरतीसाठी घाम गाळणारे आता एकमेकांना ओळखत नाहीत, एका वेळी मैदानात येत नाहीत, आणि आले तरी बोलत नाहीत. ही फाळणी आमच्या दशकात नव्हती. कारकून, डॉक्टर, हमालाचा पोरगा आणि मयताची लेक त्या साडेबारा फेऱ्यांत एकाच घोळक्यात असत.

नातवानेच मला सांगितले की लंडनच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा जण धावावयास जमले आणि त्यातून 'पार्करन' नावाची रीत जगभर पसरली: दर शनिवारी सकाळी, विनाशुल्क, नेमके पाचच किलोमीटर, आणि सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक चालत राहतो, जेणेकरून धावणाऱ्यांपैकी कोणीच शेवटचा ठरू नये. २०१८ पासून तिकडचे डॉक्टर आपल्या रुग्णांना तेथे पाठवू लागले आहेत. हे ऐकून मला आनंद झाला, थोडा रागही आला. मास्तरांना मी हे फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, "मंग आपल्या मैदानाले कोन्या साहेबानं पास लावला म्हनता?"

सध्या अकादमीची फी न परवडणारी पोरे नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या कडेने, ट्रकांच्या उजेडात धावतात. त्यांच्यासाठी आम्ही उरलेल्या पाच-सात म्हाताऱ्यांनी संबंधित कार्यालयात अर्ज दिला आहे: पहाटे साडेचार ते सात फाटक विनाशुल्क उघडे असावे, आणि आत पिण्याच्या पाण्याचा एक नळ असावा. पोच मिळाली; आवक क्रमांक पडला; वर लाल शाईत 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा आहे, जो मी स्वतः हजारो अर्जांवर मारलेला असल्याने त्याची वाटचाल मला तोंडपाठ आहे. म्हणून दुसरा अर्ज माहितीच्या अधिकाराखाली, पास लावण्याचा मूळ आदेश कोणाच्या सहीने निघाला एवढेच विचारणारा, लिहून तयार ठेवला आहे. त्याला उत्तर देण्यास त्यांना तीस दिवसांची मुदत आहे.