बिलावर ‘लेझर’ लिहिलंय, पण कशासाठी?



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या आईच्या डोळ्यावर लेझर झालं. आम्ही इंदापूर तालुक्यातले, उपचार बारामतीला. काम दहा मिनिटांचं, दुपारी घरी. महिनाभराने विम्याचा क्लेम परत आला. बिलावर लिहिलेलं एवढंच: ‘लेझर, एक डोळा’ आणि पुढे रक्कम. कंपनीने विचारलं, कशासाठी? मलाही नीट सांगता येईना. मग बसून समजून घेतलं, तेच इथे मांडते.

लेझर हे उपचाराचं साधन आहे, आजाराचं नाव नव्हे. विमा कंपनी आधी आजार बघते. आजार ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० नावाची यादी वापरतात. क्लेम फॉर्मचा दुसरा भाग हॉस्पिटल भरतं, त्यात या कोडचे रकाने असतात.

हे कोड म्हणजे आपण मुलांना शिकवतो तो पिनकोडच समजा. बारामती ४१३१०२, इंदापूर ४१३१०६. पहिले तीन अंक गटाचे, पुढचे पोस्टाचे. (जिल्हा पुणे, मग पिन सोलापूरच्या गटातला कसा, हे पोरं हमखास विचारतात!) आयसीडीमध्ये डोळ्याचे बहुतेक आजार ‘एच’ अक्षराखाली येतात. पुढचे दोन अंक आजाराचा गट सांगतात आणि टिंबानंतरचा अंक नेमका प्रकार.

आता बघा, ‘लेझर’ या एकाच शब्दामागे किती वेगळ्या गोष्टी असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागचा पडदा धूसर होतो, तो याग लेझरने मोकळा करतात. त्याचा कोड एच २६.४. आईचं हेच होतं. टाईप टू मधुमेहामुळे डोळा बिघडला तर ई ११.३, आणि त्याच्या जोडीला आतल्या पडद्याच्या आजाराचा एच ३६.०. चष्म्याचा मायनस नंबर असेल तर एच ५२.१.

हा शेवटचा कोड आपल्याकडच्या बऱ्याच घरांना लागू होतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं चष्मा घालवायला लेसिक करून घेतात आणि विमा आहेच म्हणून पालक निर्धास्त असतात. पण विमा नियामकाच्या नियमांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यातून वगळता येतो, आणि बहुतेक पॉलिसींत तो वगळलेलाच असतो. म्हणजे मायनस तीन-चार नंबरचा खर्च स्वतःच्या खिशातून. (काही भरत्यांमध्ये लेसिक चालतच नाही. आधी जाहिरात वाचा.) अशा वेळी ‘मोतीबिंदू लिहून द्या’ असं काउंटरवर सुचवणारे भेटतात. तसं अजिबात करू नका. ती फसवणूक ठरते, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

मधुमेहाच्या लेझरमध्ये अडचण वेगळी. ते बऱ्याचदा तीन-चार वेळा घ्यावं लागतं. आणि आयसीडी-१० च्या मूळ यादीत उजवा डोळा की डावा, हे कोडवरून कळतच नाही! कंपनीला वाटतं एकच बिल पुन्हा पुन्हा आलं. म्हणून प्रत्येक वेळच्या कागदावर तारीख, कोणता डोळा आणि कितवी बैठक हे लिहून घ्या. मधुमेह पॉलिसी घेण्याआधीपासून असेल तर तो अर्जात सांगितलेला हवा. त्यासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते.

आईच्या क्लेमकडे परत येते. कोड लिहून आणला, तर कंपनीने नवा मुद्दा काढला: हे ओपीडीतलं काम आहे. रुग्णाला २४ तास ठेवलं नाही तरी डे-केअर उपचारांचे पैसे मिळतात, पण जे काम नेहमी ओपीडीतच होतं ते त्यात धरत नाहीत. आमच्या पॉलिसीच्या डे-केअर यादीत हे लेझर होतं, त्या पानाची झेरॉक्स जोडली तेव्हा कुठे मंजूर झालं. तुमची यादी तारीख घेण्याआधीच बघा आणि जमलं तर कंपनीकडून ईमेलवर लेखी होकार घ्या.

तरीही नाकारलं तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे फी लागत नाही. डिस्चार्ज कार्ड, तपासणीचा रिपोर्ट आणि बिल, तिन्हींवर आजाराचं नाव एकच आहे ना, एवढं मात्र हॉस्पिटलच्या काउंटरवरच वाचून घ्या. आम्ही त्या एका ओळीसाठी इंदापूरहून तीन हेलपाटे घातले.