भट्टीचे धुराडे : खर्च एकदाच, फायदा रोजचा

मालवण तालुक्यातील धामापूर व आसपासच्या गावांत बेकरी, खानावळ किंवा फरसाणाचा छोटा धंदा लाकडाच्या भट्टीवर करता येतो, कारण लाकूड, नारळाची सोडणे आणि करवंट्या हाताशी मिळतात. परंतु धुराडे नीट नसेल तर हे स्वस्त इंधन महाग पडते. माल काळवंडतो, कारागिराचे डोळे व छाती बिघडते, शेजारी तक्रार करतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तो प्रश्न मुंबईचा असला तरी धुराकडे यापुढे दुर्लक्ष चालणार नाही, हे आपण सर्वांनी ओळखावे. म्हणून धुराडे बसविण्याच्या मुख्य गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

ओढ कशी निर्माण होते?
गरम हवा हलकी असते, ती नळातून वर चढते आणि तिच्या जागी भट्टीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. यालाच ओढ म्हणतात. नळ जितका उंच, सरळ व गरम, तितकी ओढ चांगली. भट्टीपासून टोकापर्यंत साधारण १५ फूट उंची असावी. कौलारू छपरातून नळ जेथे बाहेर येतो तेथून तो किमान ३ फूट वर हवा, आणि १० फुटांच्या आतील आढ्यापेक्षा २ फूट उंच हवा. नाहीतर आढ्यावरून येणारा वारा धूर परत खाली ढकलतो. भट्टीचे धूर सोडणारे तोंड ६ इंची असेल तर नळही ६ इंचीच घ्यावा; पुढे तो अरुंद करू नये. वळणे दोनपेक्षा जास्त नसावीत. खोलीत हवा येण्यासाठी खिडकी किंवा झरोका उघडा हवाच.

नळ कोणता घ्यावा?
सिमेंटचा ॲस्बेस्टॉस नळ स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो उष्णतेने तडकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. भट्टीलगतचा नळ जस्ताचा मुलामा असलेला नको, कारण जास्त तापल्यावर जस्ताची वाफ सुटते. तेथे जाड काळा लोखंडी नळ किंवा विटांचे बांधकाम करावे. खाऱ्या हवेत पातळ पत्रा लवकर गंजतो, म्हणून बाहेरच्या भागासाठी स्टेनलेस स्टील परवडते. जोड देताना वरच्या नळाचे टोक खालच्या नळाच्या आत बसवावे. म्हणजे आत जमणारे काळे पाणी बाहेर गळत नाही.

छपरातून नेताना
एकेरी नळ लाकडी वासे व रिपा यांपासून दीड फूट दूर ठेवावा. तेवढी जागा नसेल तर मध्ये हवा खेळती राहील असे दुहेरी आवरण करून घ्यावे. नळाभोवती पत्र्याची झालर बसवावी आणि तिची वरची कड वरच्या कौलांखाली सारावी. टोकावर टोपी हवी, पण धूर निघण्यास चारी बाजूंनी जागा सोडावी.

वापर व सफाई
ओले लाकूड जाळल्यास नळ थंड राहतो आणि आत डांबरासारखा थर बसतो. हाच थर पेटला की छप्पर जाते. काजूच्या टरफलांत तेल असते, त्यांचा धूर झोंबरा असतो आणि थरही लवकर साचतो. साध्या भट्टीत ती जाळू नयेत. धुराड्याच्या तळाशी सफाईचे झाकण ठेवावे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर काजळी झाडावी. पक्ष्याचे घरटे नाही ना, तेही पाहावे.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. निखारे धुमसत असताना धुराड्याची झडप पूर्ण बंद करू नये आणि भट्टीच्या खोलीत कोणास झोपू देऊ नये. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. गवंड्याचे काम संपल्यावर उदबत्ती भट्टीच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला तरच मजुरी चुकती करा.